आधी दस्ता, मग दुर्बीण

खुरप्याची मूठ सैल झाली की घरची बाई ते खुरपे बाजूला ठेवते. दुसऱ्याच्या हाताचा विळा घेऊन कापणीला बसले तर दुपारपर्यंत तळहाताला फोड येतो, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. बैलाच्या खांद्याला जू घासू लागले तर आपण जू तासतो, बैलाला दोष देत नाही. अवजार अंगाला बसले पाहिजे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या रक्तातच आहे. मग हाच शेतकरी राखणीची बंदूक किंवा रायफल हातात घेतो, तेव्हा ती आपल्या खांद्याला, गालाला आणि डोळ्याला बसते का, एवढे पाहायला कसा विसरतो?

मी शेतीखात्यातला माणूस. बियाणे, खत, कीड आणि पाणी हे माझे विषय. बंदुकीवर लिहिण्याची वेळ येईल, असे नोकरीला लागलो तेव्हा वाटले नव्हते. पण कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडे सभेला गेलो की मक्यावरच्या लष्करी अळीचे सांगून होण्याआधीच मागून कुणीतरी म्हणतो, "सायेब, अळी ऱ्हाऊ द्या, डुकरांचं काय ते बोला." अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. एखादा तरुण मोबाइलवर चित्र दाखवतो आणि विचारतो, "ही दुर्बीण आमच्या आज्याच्या रायफलीवर बसंल का?" नाहीतर, "ह्यो काळा प्लास्टिकचा दस्ता घिऊ का?"

या प्रश्नांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते देण्याआधी आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगताना आनंद होत नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे तुमच्या मनावर ठसायचे नाही.

दाजींची रायफल

माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे पलटणीत हवालदार होते. गाव त्यांना आबा म्हणत असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना काढून .३१५ बोअरची रायफल घेतली. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली ही रायफल जुन्या लष्करी ली-एनफिल्डच्या घराण्यातली. लष्कराची .३०३ गोळी नागरिकांना बंद, म्हणून इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे शिकारी रायफलीत .३१५ चालत आली. आबा अंगाने लहानखुरे होते. त्यांनी रायफलीचा दस्ता मागून कापून आपल्या हाताच्या मापाचा करून घेतला होता. ते रायफल खांद्याला लावायचे, तेव्हा ती लावली असे वाटायचेच नाही. ती आपोआप जाऊन बसायची.

आबांच्या माघारी रायफल रीतसर दाजींच्या परवान्यावर आली. दाजी उंचीने सहा फूट, हात लांब, खांदे रुंद. आबांच्या मापाची रायफल त्यांना तोकडी पडत होती. पण वडिलांची वस्तू म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. नेम लागेना, तेव्हा त्यांनी दुसरा उपाय केला. शहरात जाऊन नेमाची दुर्बीण आणि तिची बैठक विकत आणली.

"पाव्हणं," मला म्हणाले, "आता चुकायचं कामच न्हाई. डुकराच्या मिशा मोजून घ्या."

ही २०१३ सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. उशिराचे भात शेतात होते, ऊस उभा होता आणि डुकरांनी दोन्हीचा पार चिखल केला होता. दाजींनी वनखात्याची लेखी परवानगी काढली होती. त्या दिवशी मी सुटीला बहिणीकडे गेलो होतो. दुपारी रायफल पाहताना दुर्बिणीची बैठक हाताला किंचित हलते, असे माझ्या लक्षात आले. बहिणीच्या शिलाई मशीनच्या पेटीतला लहान पेचकस घेतला आणि तिचे स्क्रू मीच आवळले. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट समोरासमोरचे आणि थोडे थोडे आवळायचे असतात, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे. इथे मात्र एक बाजू पूर्ण आवळली, मग दुसरी आवळली. आणि काम झाले म्हणून चहाला बसलो.

दिवस मावळायला टेकला असताना कळप उसातून बाहेर आला. दाजी माळ्यावर होते, मी खाली. बार झाला. पाठोपाठ दाजींची किंकाळी ऐकू आली. वर जाऊन पाहतो तर कपाळातून रक्ताची धार लागलेली. दुर्बिणीच्या मागच्या कडेने भुवई फोडली होती. डुक्कर पडले नव्हते. मागच्या मांडीत गोळी घेऊन ते उसात शिरले होते.

आम्ही दाजींना घेऊन दवाखान्यात पळालो. जखमी जनावर उसात आहे, हा निरोप वाडीत सगळीकडे पोहोचवायला हवा होता. तो पोहोचला अर्ध्या घरांत. सकाळी शेजारच्या वाडीतल्या एक बाई त्या उसाच्या बांधावर वैरण कापायला बसल्या. डुक्कर त्यांच्यावर आले. जीव वाचला, पण मांडीला बत्तीस टाके पडले. वनखात्याच्या माणसांना ते डुक्कर संध्याकाळी सापडले. आजही त्या बाई बाजारात भेटतात, "सायेब, बरं हाय का?" म्हणून विचारतात. त्या थोड्या लंगडत चालतात, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहायचे टाळतो.

कारागिराने दाखवलेल्या तीन चुका

भुवई भरून आल्यावर आम्ही रायफल घेऊन जिल्ह्याच्या गावी एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलेसुद्धा नाही. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री केली आणि दाजींना म्हणाले, "डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा. आता डोळे उघडा. काय दिसतं?"

"काळोख," दाजी म्हणाले. "कडेला जरासं उजेडाचं वाटोळं."

पहिली चूक म्हणजे दस्ता आखूड. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत कारागिरांनी पट्टी लावली, तर माप साडेबारा इंच भरले. दाजींना चौदा हवे होते. दस्ता आखूड म्हणून डोळा दुर्बिणीच्या अगदी जवळ जाई, आणि बार झाला की मागे येणारी दुर्बीण भुवईवर आदळे. दुसरी चूक म्हणजे बैठक गरजेपेक्षा उंच. दुर्बिणीतून पाहण्यासाठी दाजींना गाल दस्त्यावरून उचलावा लागे, म्हणजे दरवेळी डोके वेगळ्या जागी. आणि तिसरी चूक माझी. वाकड्या आवळणीने बैठक तिरकी झाली होती आणि त्यानंतर निशाण पुन्हा तपासलेच नव्हते.

"दुर्बीण दाखवायचं काम करते," कारागीर म्हणाले. "डोळा दुर्बिणीपुढं आणून ठेवायचं काम दस्त्याचं. दस्ताच बसत नसेल, तर तुम्ही चूक मोठी करून बघताय, एवढंच."

हे वाक्य मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचा सगळा तपशील.

पलटणीत हे ठाऊक होते

आबा असते तर त्यांनी हे आधीच सांगितले असते. ते ज्या ली-एनफिल्डवर शिकले, तिचा मागचा दस्ता लष्कर वेगवेगळ्या लांबीचा ठेवत असे. नेहमीच्या मापाचा एक, त्याहून अर्धा इंच लांब एक, अर्धा इंच आखूड एक आणि अगदी लहानखुऱ्या शिपायासाठी एक इंच आखूड एक. कोणता दस्ता कोणत्या मापाचा हे कळावे म्हणून त्यावर अक्षर ठोकलेले असे. शिपायाला बूट मापाचे, टोपी मापाची, तसा दस्ताही मापाचा. अर्ध्या इंचासाठी लष्कर एवढा खटाटोप करत होते, त्याअर्थी त्या अर्ध्या इंचाला मोल असले पाहिजे.

आपल्याकडे बहुतेक शेतकऱ्यांजवळ रायफल नसते. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर साध्या नळीच्या दुसऱ्या बंदुकीची. म्हणजे तुमच्या घरी बहुधा ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असणार. छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बिणीच्या खर्चात पडण्याचे कारण नाही. तिथे तुमचा डोळा हीच मागची माशी असते, आणि डोळा जागेवर ठेवतो तो दस्ता. म्हणून दस्त्याचे पुढचे सगळे सांगणे बंदूकवाल्यांनाही तितकेच लागू आहे.

दस्ता मापाचा आहे का, हे घरी कसे ओळखाल

आधी बंदूक रिकामी करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्या पोरांना बाहेर पाठवा. नळी कुणाकडेही वळणार नाही अशी उभे राहा.

पहिली परीक्षा कोपराची. हात कोपरात काटकोनात वाकवा. दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवा आणि बोट चापाकडे न्या. बोटाचे पहिले पेर चापावर सहज आले, तर माप जवळपास बरोबर. बोट ताणावे लागले तर दस्ता लांब, चापाच्या पुढे गेले तर आखूड. ही परीक्षा ढोबळ आहे, पण धान्याचा दाणा दाताखाली धरून ओलावा पाहावा तशी उपयोगी आहे.

दुसरी परीक्षा डोळे मिटून. दाजींना कारागिरांनी लावली तीच. डोळे मिटा, बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी सरळ डोळ्यासमोर दिसली पाहिजे. माशी दिसेनाशी झाली, तर गालाची जागा खोल आहे. नळीची लांबच लांब पाठ दिसली, तर गालाची जागा उंच आहे आणि बार वर जाईल.

तिसरी परीक्षा नाकाची. गाल टेकवल्यावर नाक आणि चापाकडच्या हाताचा अंगठा यांत दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. ज्यांचा ओठ किंवा नाक बारामागे सुजते त्यांनी बंदुकीला शिव्या देऊ नयेत, आधी हे अंतर पाहावे.

मोठ्या माणसाला साधारण साडेतेरा ते चौदा इंच दस्ता बसतो. पण हा आकडा पाठ करू नका. तुमचा हात, मान आणि खांदा हेच खरे माप. घोंगडी किंवा जाड कोट घालून राखणीला बसत असाल, तर परीक्षाही तोच कोट घालून करा. अंगावरचे जाड कपडे अर्धा इंच सहज खातात.

माप चुकले तर लगेच नवा दस्ता घ्यायला धावू नका. आखूड दस्त्यामागे रबराची गादी आणि तिच्याखाली लाकडाची चकती बसवून दीड इंचापर्यंत लांबी वाढवता येते. गादीने खांद्याला बसणारा दणकाही कमी होतो. गालाची जागा खोल असेल, तर चामड्याची गादी दोरीने बांधता येते. दाजींच्या रायफलीला हेच केले. त्या सगळ्याचा खर्च दुर्बिणीच्या किमतीपुढे मातीमोल होता.

लाकूड की प्लास्टिक

जुना दस्ता मानेत फुटला असेल, तारेने बांधलेला असेल किंवा आतून कुजला असेल, तर मात्र नवाच हवा. तारेने बांधलेल्या दस्त्याने बार काढणे म्हणजे तडा गेलेल्या रहाटाने विहिरीत उतरणे.

लाकडांत अक्रोडाचा मान पहिला. वजनाला बेताचे, चिवट आणि धक्का सोसणारे. शिसव दिसायला सुंदर आणि टिकाऊ, पण जड. लाकूड कोणतेही असो, त्याची शीर पाहा. दस्त्याची मान, म्हणजे आपण मूठ धरतो तो बारीक भाग, तिथे शीर सरळ लांबीत गेलेली पाहिजे. तिरकी शीर मानेत आली की दस्ता तिथेच मोडणार. कुऱ्हाडीचा दांडा निवडताना तुम्ही हेच पाहता. वर कितीही नक्षी आणि चकाकी असली तरी आधी मानेकडे पाहा.

प्लास्टिकच्या आणि काचतंतूच्या दस्त्यांचा मोठा गुण म्हणजे ते पावसाळ्यात फुगत नाहीत आणि उन्हाळ्यात आकसत नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या पावसात हा गुण लहान नाही. लाकूड फुगून नळीला एका बाजूने रेटू लागले की रायफलीचे निशाण सरकते. जूनमध्ये जुळवलेली रायफल दिवाळीत दुसरीकडे मारते, त्याचे कारण बहुतेकदा हेच. उलट बाजूही ऐका. दस्ता हलका झाला की एकूण रायफल हलकी होते, आणि हलकी रायफल खांद्याला जास्त दणका देते. दोन-चार बारांनंतर माणूस बार होण्याआधीच डोळा मिटू लागतो. असा नेम कोणत्याच दुर्बिणीने सुधारत नाही.

बाहेरचा तयार दस्ता घेताना आणखी एक पाहा. तो तुमच्याच बनावटीच्या रायफलीचा आहे का? "सगळ्यांना बसतो" म्हणणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नका. यंत्र दस्त्यात बोटाने न हलता बसले पाहिजे, आणि बसताना ठोकावेही लागू नये.

जुन्या ली-एनफिल्डवाल्यांना एक खास सूचना. तिचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने यंत्राला आवळलेला असतो. जुन्या लष्करी बनावटीत या बोल्टचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडातील लोखंडी पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला की लाकूड फुटते. त्याच घराण्यातली रायफल जवळ असेल तर घरी पेचकस लावू नका.

दुर्बिणीची बैठक

दस्ता बसला, आता दुर्बिणीकडे वळू. दुर्बीण महाग आणि बैठक स्वस्त, हा सौदा उलटा आहे. पाया कच्चा ठेवून वर संगमरवर लावण्यासारखे ते होईल.

बैठकीचे दोन भाग. रायफलीच्या यंत्रावर घट्ट बसणारी पट्टी हा पाया, आणि दुर्बिणीची नळी धरणारी दोन कडी. पाया तुमच्याच रायफलीच्या बनावटीचा हवा. कडी दुर्बिणीच्या नळीच्या जाडीची हवीत. बाजारात दोन जाड्या जास्त मिळतात, एक इंचाची आणि ३० मिलिमीटरची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा मोठ्या कड्यात कागदाची घडी घालून लहान दुर्बीण बसवण्याचा उद्योग कुणी करू नये.

उंची शक्य तितकी कमी ठेवा. दुर्बिणीचे पुढचे तोंड नळीला टेकणार नाही, आणि बोल्टची मूठ वर येताना दुर्बिणीला अडणार नाही, एवढीच उंची पुरे. बैठक जितकी उंच, तितका गाल दस्त्यापासून सुटतो.

पुढे-मागे सरकवताना डोळ्याचे अंतर पाहा. बहुतेक रायफल-दुर्बिणींना डोळा तीन ते चार इंच मागे हवा. डोळे मिटून उघडण्याची परीक्षा इथेही करा. गोल पूर्ण उजेडाचा दिसला आणि कडेला काळी सावली आली नाही, की ती जागा बरोबर. मान पुढे ताणून किंवा मागे ओढून गोल पूर्ण करावा लागला, तर दुर्बीण सरकवा, मान नव्हे. दाजींच्या भुवईवरची खूण हा या परिच्छेदाचा पुरावा आहे.

स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. फार आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते, कमी आवळले तर दणक्याने सरकते. कारागिराकडे जोर मोजणारा पेचकस असतो. हे काम त्याच्याच हातून झालेले बरे. रायफलीची मूळ माशी आणि खाच मात्र काढून टाकू नका. दुर्बीण धुक्याने किंवा पाण्याने आंधळी झाली, तर तीच उपयोगी पडते.

किती पटीची घ्यावी? माळ्यावरून पन्नास-साठ पावलांवर मारायचे असेल, तर चार पट पुष्कळ झाली. पट वाढली की दृष्टीचा घेर लहान होतो आणि डुकराच्या मागे वैरण कापणारी बाई आहे का, हे दिसत नाही. .३१५ ची गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते, हे कधी विसरू नका. मागे मातीचा उतार असल्याशिवाय बोट चापाला लावायचे नाही.

छऱ्याच्या हवाई रायफलीवर दुर्बीण लावणाऱ्या पोरांसाठी एक ओळ. स्प्रिंगची हवाई रायफल मागे आणि पुढे असे दोन हिसके देते. साधी दुर्बीण आणि साधी बैठक त्याने खिळखिळी होते. तिच्यासाठी वेगळी, मागे अटकाव असलेली बैठक लागते.

निशाण जुळवल्याशिवाय काम पुरे नाही

दस्ता बदलला, बैठक बसवली, एक स्क्रू जरी आवळला, तरी निशाण पुन्हा जुळवावे लागते. मी हेच केले नाही. परवानगी असलेल्या रेंजवर जा, टेकू घेऊन एकाच ठिकाणी तीन गोळ्या मारा आणि तिन्ही कुठे पडल्या ते पाहा. तिन्ही जवळजवळ पण बाजूला असतील, तर दुर्बिणीचा खटका फिरवून दुरुस्त होते. बहुतेक दुर्बिणींत एक टिकटिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. तिन्ही तीन दिशांना असतील, तर दुर्बिणीचा दोष शोधू नका. बैठक सैल आहे, दस्ता हलतो आहे किंवा डोळा मिटतो आहे. तीन गोळ्यांचा खर्च वाटतो खरा, पण आमच्या एका गोळीचा खर्च त्या बाई आजही भरत आहेत.

निवडणुका आल्या की आपल्याला शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. तिथे ती एकमेकांवर रचली जातात, आपटतात. परत आल्यावर दस्त्याची मान, गादी आणि बैठकीचे स्क्रू तपासल्याशिवाय बार काढू नका.

कायद्याच्या चार गोष्टी

परवान्याशिवाय दुसऱ्याचे शस्त्र दुरुस्त करण्याचा धंदा करता येत नाही. म्हणून गावच्या सुताराला, तो कितीही हुशार असला तरी, बंदूक नेऊन देऊ नका. नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. बाहेरचा कोणताही भाग बसवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा आणि पावती जपून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यालाही हात लावता येत नाही. गवा आणि हत्ती यांच्यावर तर शेतकऱ्याने बंदूक उचलण्याचा विचारसुद्धा करू नये. त्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा करून घेऊन वनखात्याकडे भरपाई मागावी.

घरातली निगा

लाकडी दस्त्याला जवसाचे उकळलेले तेल हे जुने आणि चांगले औषध आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर कापडावर थेंबभर घेऊन हाताच्या उबेने चोळावे, वाळू द्यावे, पुन्हा चोळावे. थापून लावू नये. आणि माय-बहिणींनो, हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

नळीचे तेल दस्त्यात मुरले की लाकूड मऊ पडते. म्हणून साफसफाई झाल्यावर बंदूक थोडा वेळ नळी खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल लाकडाकडे न जाता बाहेर येते. नंतर कुलपात. काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या पोरांच्या नजरेआड.

शेवटचे

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. ४५१.४ गुण. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. पण त्या खेळाडूंचा दस्ता पाहा. गालाची पट्टी, खांद्याचा आकडा, सगळे वर-खाली, पुढे-मागे सरकते. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून मारताना ते ती मापे बदलून घेतात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्याही ५० मीटर रायफलीतच. दुर्बिणीशिवाय जग जिंकता येते. न बसणाऱ्या दस्त्याने बांधावरचे डुक्करही नीट मारता येत नाही.

दाजी आता साठीला आले. त्यांचा मुलगा उंचीने आबांवर गेला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो रायफल आपल्या परवान्यावर घेण्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा दाजींनी कपाटातून एक डबी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यात दस्त्यामागे बसवलेल्या चकतीचे जादा स्क्रू होते.

"ह्यो दीड इंच माझा हाय," दाजी म्हणाले. "तू काढून टाक. आन् दुर्बिणीला हात लावायच्या आदी डोळं मिटून खांद्याला लाव."

मी काहीच बोललो नाही. बहिणीने चहा आणला, आणि आम्ही उसाच्या खोडव्याच्या गोष्टी करू लागलो.